घोडीनं खाल्लेला चारा

जनावरांच्या दवाखान्यात पेशंट कधी खोटं बोलत नाही. खोटं बोलतो तो त्याचं दावं धरून आलेला. हे मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं. चौसाळ्याकडचा एक गडी म्हैस घेऊन आला आणि म्हणाला, "डाक्टर, दूध आटलंय. सुई मारा." म्हैस तपासली तर ठणठणीत. नंतर त्याच्या बायकोनं हळूच सांगितलं, की थोरले भाऊजी पहाटे उठून धार काढून नेतात, आणि घरात भांडण नको म्हणून यांना सुईचं निमित्त हवंय. मी म्हशीला साधं ताकदीचं इंजेक्शन दिलं आणि चार माणसांत मोठ्यानं सांगितलं, की औषध जहाल आहे, काही दिवस या म्हशीचं दूध कुणी पिऊ नये. भाऊजींची झोप वाढली. आठवडाभरानं मी औषध उतरल्याचं जाहीर केलं, तेव्हा दूधही वाढलेलं निघालं.

असे विजय माझ्या वाट्याला मोजकेच आले. एरवी सगळी नोकरी मी छातीत धडधड घेऊन केली. स्वभावच घाबरट. लोक मला 'डाक्टर' म्हणत, पण खरे डॉक्टर तालुक्याला बसत. मी स्टॉकमन. मलमपट्टी, लसी, ताप बघणं आणि अडलेल्या गाईपाशी डॉक्टर येईपर्यंत मालकाला धीर देणं, एवढं माझं काम. हाताशी एक सायकल आणि एक पत्र्याची पेटी. गाय विताना अडली की तिच्यापेक्षा मीच जास्त घामाघूम व्हायचो. बायको म्हणायची, "जनावर वाचंल, तुमचं काय खरं न्हाई."

बहात्तरच्या दुष्काळात माझी नेमणूक गुरांच्या छावणीवर झाली. मांजरसुंब्याचा घाट चढल्यावर रस्त्याच्या कडेला मोठं माळरान होतं. तिथं गावच्या सोसायटीनं छावणी उघडली होती. साखर कारखान्यांच्या भागातून उसाचं वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, ट्रकनं यायचे आणि ते जनावरांना वाटायचे. ट्रक आला की गुरं हंबरत, माणसं धावत, पेंढ्यांची ओढाओढ होई. दांडग्याची गाय जेवे, विधवेची गाय बघत राही. पहिल्या आठवड्यात या झोंबाझोंबीत दोन वासरं तुडवली गेली. तेव्हा सोसायटीच्या चेअरमनांनी किसनबापूंना बोलावून आणलं.

किसनबापू म्हणजे गावचे फौजी. दुसऱ्या महायुद्धात नगरला जाऊन भरती झाले होते, ते थेट इटलीच्या डोंगरात पोचले. बंदूक त्यांनी फारशी चालवली नाही. ते खच्चर कंपनीत होते. जिथं मोटार जात नाही तिथं खेचराच्या पाठीवर रोटी, पाणी आणि दारूगोळा न्यायचा. येताना त्याच पाठीवर जखमी माणूस आणायचा. बापू सांगत, "वर पहाडात गोरे हुते, गुरखे हुते, शीख हुते, कुठकुठल्या मुलखाचे हुते. येकाची भाषा दुसऱ्याला येत न्हवती. पर खच्चर दिसलं की समदे उठून हुबं ऱ्हायचे. खच्चराला समद्यांची भाषा येती."

बापूंनी छावणीत पलटणीची शिस्त आणली. जनावरं सरळ रांगेत बांधली. प्रत्येकाच्या पुढ्यात आधी वाटा टाकायचा, पण थोडा दूर, तोंड पोचणार नाही असा. सगळ्यांचे वाटे टाकून झाले की बापू शिट्टी वाजवायचे, आणि मग सगळ्यांनी एकदम चारा पुढं सरकवायचा. शिट्टीआधी काडीही नाही. त्यांच्या कंपनीचा आणखी एक नियम होता. आधी जनावर जेवणार, मग माणूस. बापू स्वतः शिट्टी झाल्याशिवाय भाकरी सोडत नसत. हळूहळू सगळी छावणीच तशी वागू लागली. माणसं उपाशीपोटी शिट्टीची वाट बघत उभी राहायची. त्या वर्षी मला माणसांच्या शहाणपणाचं फार कौतुक वाटलं होतं.

नुकतीच बांगलादेशची लढाई होऊन गेली होती. गावोगाव जवानांचे सत्कार चालू होते. आमच्या गावचा त्या लढाईत कुणी नव्हता. पण चेअरमन हौशी माणूस. ते म्हणाले, "लडाई म्हंजे लडाई. आमचा फौजी लई जुना असंल, पर फौजी हाय." छावणीवरच मांडव घालायचं ठरलं. तालुक्याहून एक साहेब येणार होते. बापूंनी एकच मागणं केलं. त्यांच्या कंपनीतला एक दोस्त बीडला असतो, त्याला निरोप धाडा.

तो दोस्त म्हणजे नूरभाई नालबंद. खच्चर कंपनीत हा खेचरांना नाल ठोकायचा आणि बापू ती खेचरं चालवायचे. एकाच जिल्ह्यातली ही दोन माणसं भेटली ती परमुलखातल्या बर्फात. परत आल्यावर नूरभाईंनी बीडला नालबंदीचं दुकान थाटलं आणि एक टांगा घेतला. पुढं निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनची धामधूम झाली आणि काही ठिकाणी लोक मुसलमानांच्या घरांवर चालून गेले. तेव्हा बापूंनी नूरभाईंची बायकामुलं आपल्या घरात ठेवून घेतली होती. गावातल्या काहींना ते रुचलं नाही. बापू दारात काठी घेऊन झोपत, एवढंच मी इतरांकडून ऐकलं. बापू स्वतः तो विषय काढत नसत. नूरभाई मात्र भेटेल त्याला सांगत. या माणसासाठी आपल्या हातून काहीतरी व्हावं, ही त्यांची कित्येक वर्षांची तळमळ होती.

सत्काराच्या आधी दोन दिवस वाढ्याचे ट्रक आलेच नाहीत. कुठंतरी अडकले होते. जनावरं खुंटे चाटत होती. मी रांगेतून फिरून प्रत्येकाच्या डाव्या कुशीवर मूठ ठेवून बघत होतो. तिथं गाईबैलांचं पहिलं मोठं पोट असतं. ते हललेलं मुठीला कळतं. त्या दिवशी बहुतेकांच्या कुशीवर मुठीखाली काहीच हलत नव्हतं. चेअरमन दर थोड्या वेळानं घाटाकडं बघून यायचे. मांडवाच्या पताका लागत होत्या आणि त्यांच्याखाली भुकेली गुरं माना टाकून उभी होती. मला त्या पताकांचा राग येत होता.

सत्काराच्या सकाळी घाटातून खरंच एक ट्रक आला. त्याच्या पुढं टांगा होता. टांग्यात नूरभाई, डोक्याला पांढरा रुमाल, दाढीला मेंदी. ट्रकमध्ये चारा होता आणि तो हिरवा होता. इतक्या महिन्यांत हिरवं असं काही छावणीनं पाहिलं नव्हतं. सगळी रांग एकदम हंबरली. नूरभाई उतरून बापूंना कडकडून भेटले. म्हणाले, "किसन्या, नदीकाठचा माझा टुकडा हाय ना, त्याची जवार. दाना तो भरनेवाला नव्हता. म्हटलं, कापतो नि माझ्या भावाच्या जनावरांना नेतो. तुझ्या मानाच्या दिवशी समदे पोटभर खातील." बापूंनी नूरभाईंचा हात धरून ठेवला.

मी ट्रकपाशी गेलो आणि ज्वारीचं एक ताट, म्हणजे धांडा, उपसून बघितलं. ज्वारी गुडघ्याएवढीच होती. काळपट हिरवी, पानं सुरळी झालेली. खाली जुन्या बुडख्यांना फुटलेले नवे फुटवेही होते. ज्वारी कोवळी असताना पाणी तुटलं की तिच्यात विष तयार होतं. त्याला आपल्याकडं किराळ म्हणतात. कापून बरेच दिवस कडक उन्हात वाळवली की ते उडून जातं. ओली खाल्ली तर जनावर बघता बघता आडवं होतं. हे काही माझ्या पुस्तकातलं गुपित नव्हतं, रांगेतल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक होतं. पण भुकेलं जनावर डोळ्यांपुढं हंबरत असलं की माणूस ठाऊक असलेलं विसरतो.

"ही आज घालायची नाही," मी चेअरमनांना म्हणालो. "पसरून वाळू द्या."

"वाळलेलीच हाय की," एकजण ओरडला. वरच्या पेंढ्या खरंच सुकलेल्या होत्या. मी हात खाली घालून मधली पेंढी काढली. ती ओली होती आणि आतून ऊबही येत होती. पण तोवर गलका झाला होता. कुणी म्हणे किराळ पावसाळ्यातच लागते, कुणी म्हणे नदीकाठच्या जमिनीला लागत नाही. नूरभाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ते म्हणाले, "डाक्टरसाब, म्हंजे मी जहर आणलं?" मी ओली पेंढी त्यांच्या हातात दिली.

तेव्हा नूरभाईंनीच तोड काढली. बापूंकडं वळून म्हणाले, "किसन्या, कंपनीचा कानून याद हाय ना? नया चारा आया तो?" बापूंनी मान हलवली. परमुलखात कुठल्या तरी गावातून गवत मिळायचं. ते चांगलं की वाईट, कुणाला माहीत? म्हणून ज्यानं ते आणलं, त्याच्या खेचराला आधी घालायचं. ते धड राहिलं तरच रांगेला. तो नियम या दोघांनी सगळ्या लढाईभर पाळला होता आणि त्या नियमानं त्यांना कधी दगा दिला नव्हता.

नूरभाईंनी टांग्याची घोडी सोडली. रेशमा तिचं नाव, अंगावर एक डाग नाही. त्यांनी स्वतःच्या हातानं तिला मधली ओली पेंढी भरवली. घोडीनं चवीनं खाल्ली, आणखी मागितली. सगळी छावणी तिच्याभोवती जमली. चिलीम भरली गेली, फिरली, विझली. घोडी शेपटीनं माश्या हाकत उभी. मग कुणीतरी हसलं, कुणीतरी नूरभाईंच्या पाठीवर थाप मारली आणि माणसं ट्रकवर चढली. पेंढ्या रांगेपुढं पडू लागल्या. बापूंचा हात शिट्टीकडं गेला.

मला शिकवलेलं होतं, की घोडा, खेचर, गाढव यांचं पोट आपल्यासारखं एकच असतं. गाईबैलाला चार कप्पे. पहिल्या कप्प्यात चारा भिजत पडतो आणि किराळीचं विष तिथंच सुटतं. घोडं जे पचवून दाखवेल त्यानं बैल मरू शकतो. कंपनीत रांग खेचरांची होती, म्हणून खेचराची परीक्षा खरी ठरायची. इथं रांग गाईबैलांची होती. हे मी वर्गात ऐकलं होतं, डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मी चुकलो तर दोन म्हाताऱ्या फौजींचा भर मांडवात अपमान आणि उपाशी गुरं आणखी उपाशी. आणि बरोबर असलो तर? अख्खी रांग एका शिट्टीवर तोंड घालणार होती.

मी पळत जाऊन बापूंचा शिट्टीचा हात धरला. माझ्यासारख्यानं असं करावं याचं मलाच आश्चर्य वाटलं. धापा टाकत मी त्यांना सगळं सांगितलं. भोवतालच्यांनीही ऐकलं.

"घोडी खाती अन् बैल कावून न्हाई खानार?" एकजण अंगावर आला. "तुज्या पुस्तकाला भूक लागत न्हाई बे! आमची ढोरं मरायलीत."

"सरका डाक्टर," चेअरमनही म्हणाले. "सायब येतीलच आता. मानसं काय ऐकनार न्हाईत." एका म्हातारीनं तर पेंढी उचलून आपल्या गाईकडं सरकवायला सुरुवात केली होती.

बापू माझ्याकडं बघत होते. त्यांनी मला दोन पावलं बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "पेटीत ह्याची दवा हाय?"

"आहे. हायपोची सुई. पण एका जनावरापुरती. ओढूनताणून दोघांची होईल."

"बरं," ते म्हणाले. मग रांगेकडं तोंड करून त्यांनी असा आवाज लावला, की तो त्यांचा आहे हे मला आधी कळलंच नाही. "कुनी हात लावायचा न्हाई! घोडीचं झालं. आता बैलाचं. पैला माजा. त्यो हुबा ऱ्हायला, की शिट्टी."

म्हातारीनं पेंढी खाली ठेवली. पलटणीचा कायदा आणि बापूंचा स्वतःचा बैल. त्याला नाही कोण म्हणणार? नूरभाईंनी कृतज्ञतेनं मान हलवली. आपल्या चाऱ्याला मान मिळाला, असं त्यांना वाटलं असणार.

बापूंची एकच जोडी होती. त्यातला उजवा, मुंगशा रंगाचा, त्यांनी खुंट्यावरून सोडून आणला. मी कुजबुजलो, "बापू, नका घालू." ते म्हणाले, "तुमी सुई भरा." बैलानं दोन दिवसांची भूक भागवायला सुरुवात केली. मी सुई भरली. बाटलीचं बूच दातांनीच काढलं.

थोडा वेळ काहीच झालं नाही. बैल खात होता आणि माणसं माझ्याकडं बघत होती. आपण चुकावं, आपलं हसं व्हावं, अशी प्रार्थना मी आयुष्यात त्या एकदाच केली. मग बैलानं खाणं थांबवलं. मान लांब केली. तोंडाला फेस आला, श्वास मोठ्यानं चालला आणि मागचे पाय थरथरू लागले. तो गुडघ्यांवर आला आणि कुशीवर पडला. मी मानेची शीर चापपली, सुई घातली, सगळं औषध आत सोडलं. हिरड्या लालभडक झाल्या होत्या. एकदा श्वास जरा सुधारला. बापू त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी आशेनं माझ्याकडं पाहिलं. पण पोटात जे गेलं होतं ते माझ्या बाटलीपेक्षा जास्त होतं. बैल गेला.

मग ज्या माणसानं मला बे म्हटलं होतं, त्यानं रांगेपुढच्या पेंढ्या गोळा करायला सुरुवात केली. बाकीचे त्याच्या मागून आले. सगळा चारा गुरांपासून लांब नेऊन टाकला. मी रांग सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुन्हा पुन्हा तपासली. कुणी चोरून घातलं तर नाही? पेटी रिकामी होती. दुसरं जनावर पडलं असतं तर माझ्याकडं काही नव्हतं.

नूरभाई टांग्याच्या चाकाशी बसले होते. "मैंने जहर लाया, किसन्या," एवढंच पुनःपुन्हा म्हणत होते. बापू उठले, त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "नूर, पत्र्या काढ त्येच्या."

पत्र्या म्हणजे बैलाच्या खुरांना मारलेले लोखंडी नाल. त्यांच्या कंपनीत खेचर मेलं की पुरण्याआधी नालबंद त्याचे नाल काढायचा. सरकारला लोखंड परत हवं असायचं, पण पोरांनी त्याला आपला अर्थ दिला होता. आता याला कुठं चालायचं नाही, ओझं उतरवा. नूरभाईंनी टांग्यातून पक्कड आणली. रडत रडत पण एकही खूर न दुखवता त्यांनी पत्र्या काढल्या.

साहेब दुपारी आले. चेअरमन सत्कार रद्द करायला निघाले होते. बापू म्हणाले, "होऊ द्या, पर खुर्च्या दोन मांडा." हार एकच आणला होता. तो बापूंनी नूरभाईंच्या गळ्यात घातला आणि स्वतः नुसता नारळ घेतला. साहेबांनी शौर्यावर भाषण केलं. मला त्यातलं काही आठवत नाही, मी रांगेकडं तोंड करून बसलो होतो. संध्याकाळी वाढ्याचे अडकलेले ट्रक आले.

नूरभाई बीडला गेले नाहीत. छावणीतच राहिले. सगळी ज्वारी माळावर पातळ पसरली, रोज दाताळ्यानं उलटीपालटी केली, करकरीत वाळवली. मी मूठभर चुरून, वास घेऊन, तरीही भीत भीत हो म्हणालो. आधी एका गाईला, मग चौघींना, मग रांगेला. सगळी गुरं ती खाऊन धड राहिली. नूरभाई रांगेत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले आणि प्रत्येक जनावराच्या पाठीवर हात ठेवला.

पुढच्या वर्षी पेरण्या आल्या. बापूंकडं एकच बैल उरला होता. नूरभाई टांगा घरी ठेवून नुसती रेशमा घेऊन आले. बैलाच्या जोडीला औताला घोडी, असलं औत चौसाळ्यापासून घाटापर्यंत कुणी पाहिलं नव्हतं. घोडी पुढं पळे, बैल मागं राही, तिफण तिरकी जाई. लोक बांधावर उभं राहून हसायचे. नूरभाई त्यांना शिव्या घालत घोडीपुढं चालायचे. ती तिरकी पेरणी उगवलीही तिरकीच, पण उगवली.

दोघंही आता राहिले नाहीत, म्हणून हे लिहितो आहे. त्या पेरणीत मी लस टोचायला गेलो होतो. दुपारी बापू झाडाखाली एकटे होते, नूरभाई घोडीला पाणी दाखवायला गेले होते. मनात तेव्हापासून डाचत होतं ते मी विचारलं. "बापू, माझ्या बोलण्यावर तुमचा विश्वास नव्हता का? एक बैल गेला."

त्यांनी नवलानं माझ्याकडं पाहिलं.

"इस्वास न्हवता तर शिट्टी वाजवली असती की," ते म्हणाले. "तुमी हात धरला तवाच मला कळलं. पर त्या मानसांनी तुमचं ऐकलं नसतं. माजंबी ऐकलं नसतं. घोडी डोळ्याम्होरं हुबी व्हती. कुनाचं तरी जनावर पडल्याबिगर ती थांबत न्हवती. मग दुसऱ्याचं कशाला पडू द्यायचं?"

लांबून नूरभाई घोडीला घेऊन येताना दिसले. बापूंनी आवाज खाली आणला.

"त्येला यातलं सांगू नका. त्येला वाटतंय, आमी दोगांनी मिळून तपासलं. वाटू द्या."